उरलेल्या जेवणाचं ॲप, आणि बागेतलं बोंड

ताई, सप्रेम नमस्कार.

मी २८ वर्षांची. गाव मालवण तालुक्यात, नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. यंदा ३१ डिसेंबरला तारकर्लीला काकीच्या मदतीला गेले होते. तिचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. शेवटची पंगत उठल्यावर एक टोप भात, अर्धं पातेलं सुरमईचं कालवण आणि चपात्यांची चळत मागच्या खड्ड्यात गेली. आजूबाजूला सगळीकडे तेच. तेव्हापासून डोक्यात आहे की उरलेलं जेवण निम्म्या किमतीत विकणारं ॲप काढावं. परदेशात 'टू गुड टू गो' हेच करतं. कॉलेजचा एक मित्र ॲप बनवून देईल, त्याला निम्मी भागीदारी हवी आहे. माझी बचत सहा लाख, बाबा चार लाखांची एफडी मोडायला तयार आहेत. आई मात्र म्हणते, "लोकांच्या उरल्या-सुरल्याचो धंदो करतलंस?" घरी काजूची शंभरेक कलमं आहेत, पण बी विकून मजुरी आणि खत सुटतं तेवढंच. (बीला धरून येणारी रसाळ बोंडं तर नुसती झाडाखाली कुजतात, एप्रिल-मेमध्ये माश्या आवरत नाहीत.) ॲप चालेल का? नोकरी सोडू का? आणि आईला कसं समजावू?

– मालवण तालुक्यातली एक वाचक

प्रिय मैत्रीण,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाबांची एफडी त्यावर अवलंबून आहे. हे ॲप मालवणात चालणार नाही. तुझी तळमळ खरी आहे. भरलेला टोप खड्ड्यात रिकामा होताना बघून जीव कळवळला नाही तर नवलच. पण धंदा म्हणून या कल्पनेत दम नाही. का नाही ते सविस्तर सांगते, म्हणजे मित्रालाही नीट सांगता येईल.

'टू गुड टू गो' २०१६ च्या सुमारास कोपनहेगनमध्ये सुरू झालं. तिथे बेकऱ्या, कॅफे, किराणा दुकानं एकमेकांना खेटून असतात. दुकान बंद व्हायच्या वेळी उरलेले पाव, केक पिशवीत भरून ठेवतात आणि कामावरून घरी निघालेलं गिऱ्हाईक जाता जाता उचलतं. माल दुसऱ्या दिवशीही खाता येतो, हवाही थंड. आता तारकर्ली-देवबागची पट्टी डोळ्यांपुढे आण. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, मधून चिंचोळा रस्ता. रात्री साडेनऊला काकीकडे सहा पानांचं जेवण उरलं तर ते घेणार कोण? पर्यटक जेवून बसलेला. गावातली माणसं त्याच्याही आधी जेवून आवरतात. मालवण शहरातून कोणी निम्म्या किमतीच्या भातासाठी गाडी काढून येणार नाही.

हिशेब मांडून बघ. अगदी चांगला दिवस धर. पट्टीवरच्या सगळ्या होमस्टेंमधून मिळून वीस पानं उरली, वीसही विकली गेली, पान शंभर रुपयांना. उलाढाल दोन हजार. तुझं कमिशन २० टक्के धरलं तर हातात चारशे. त्यात पोचवणाऱ्या मुलाची मजुरी आणि पेट्रोल. आणि असे दिवस वर्षातून येणार किती? नाताळचा आठवडा, दिवाळीची सुट्टी, मे महिना, काही शनिवार-रविवार. पावसाळ्यात तर किनाऱ्यावरचा धंदा बसतोच. एरवी आपल्याकडचे होमस्टेवाले उगाच जास्तीचं रांधत नाहीत. "जेवायला किती? मासे की शाकाहारी? आधी सांगा," असं विचारूनच चूल पेटते. ३१ डिसेंबर ही वर्षातली सगळ्यात उधळी रात्र. त्या एका रात्रीवर बारा महिन्यांचा धंदा आखता येत नाही.

हिशेब जुळला असता तरी मी तुला थांबवलंच असतं, ते माशासाठी. सुरमई, बांगडा, तारली, कुपा हे मासे बर्फाविना उन्हात राहिले की त्यांच्या मांसात हिस्टॅमिन तयार होतं. एकदा झालं की ते उकळून जात नाही आणि तळूनही जात नाही. वासावरून कळेलच असंही नाही. खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं, उलट्या होतात. सकाळी तो मासा बर्फात होता की टोपलीत, हे तुझ्या ॲपला कुठून कळणार? भाताचंही तसंच आहे. भात शिजल्यावरही काही जीवाणूंचे बीजाणू जिवंत राहतात. भात तासन् तास कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम करून जात नाही. म्हणून शिजवलेलं अन्न एकतर ६० अंशांच्या वर गरम ठेवायचं, नाहीतर लवकर निववून ५ अंशांच्या खाली. पंगतीत तासभर उघड्यावर राहिलेलं कालवण विकून उद्या कोणाला काही झालं, तर त्याची जबाबदारी तुझ्या नावावर येईल. त्या घरचं नुकसान भरून देता येत नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

फुकट वाटायचं म्हटलं तरी नियम आहेत आणि ते रास्त आहेत. उरलेलं अन्न गोळा करून वाटण्यासाठी एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०१९ मध्ये स्वतंत्र विनियम केले. अन्न गोळा करणाऱ्या संस्थेला नोंदणी लागते, ते योग्य तापमानात ठेवावं लागतं, विक्रीसाठी नाही असं लिहावं लागतं. लग्न, महाप्रसाद, गणपतीतलं मोठं जेवण अशा वेळी, जिथे वरण-भात-भाजी गरम असतानाच उचलता येते, तिथे गावातल्या चार मुलांनी हे काम जरूर करावं. पुण्यकर्म म्हणून करावं. त्यातून पगार निघेल अशी अपेक्षा ठेवू नये.

काकीचं काय करायचं, तेही सांगते, कारण ते फार सोपं आहे आणि या आठवड्यातही करता येईल. तिला एक वही दे. रोज किती पानं सांगितली, किती जेवली, आणि शेवटी टोपात काय उरलं ते वजनकाट्यावर टाकून लिहायचं. महिनाभर. शिवाय गर्दीच्या रात्री भात एकदम न टाकता दोन खेपांत टाकायचा. पहिल्या पंगतीला निम्मा, आणि ती बसली की दुसरं आधण. मासा मसाला लावून बर्फात ठेवायचा आणि पान मांडल्यावर तळायचा. कालवण थोडं थोडं वाढायचं. काकीचा खड्डा निम्मा भरेल आणि वाचलेले पैसे थेट तिच्या गल्ल्यात राहतील. एक ताकीद मात्र लक्षात ठेव. उरलेला भात घमेलंभर करून गुरांपुढे टाकू देऊ नकोस. एकदम जास्त भात पोटात गेला तर गाय पोट फुगून आजारी पडते, दगावूही शकते. ओला कचरा शेवटी उरलाच तर त्याचं काय करायचं, हे बघायला वेंगुर्ल्याला जाऊन ये. तिथल्या नगरपरिषदेने ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस केला आणि कचरा डेपोचं लोकांनी बघायला यावं असं ठिकाण केलं.

आता मुख्य गोष्टीकडे येते. तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तू कंसात टाकलंयस.

अन्नाच्या नासाडीचे जे आकडे आपण वाचतो, ते कुठे मोजलेले असतात ते बघ. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून. पण ही मोजणी दुकान, हॉटेल आणि घर या तीन ठिकाणची आहे. काढणीनंतर बाजारात पोचेपर्यंत जे खराब होतं त्याचा हिशेब वेगळा ठेवतात, ते साधारण १३ टक्के. तुझ्या बागेतलं बोंड या दोन्हींत बसत नाही. ते कोणी काढतच नाही, मग मोजणार काय? बी पिळून घेतली, बोंड तिथेच टाकलं. एका हंगामात कोकणात किती बोंडं अशी मातीत जातात याचा विचार केला की माझा जीव तुटतो. तू खड्ड्यात गेलेल्या त्या टोपासाठी हळहळतेस. तुझ्या घरच्या बागेत रोज सकाळी त्याहून मोठे टोप सांडतात.

बोंड बीच्या पाच ते दहा पट वजनाचं असतं. तुझी कलमं बहुधा वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७ असतील. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानेच त्या जाती दिल्या. समज, एका झाडाला पाच किलो बी येते. शंभर झाडांची पाचशे किलो. म्हणजे कमीत कमी अडीच-तीन हजार किलो बोंडं. त्यांत संत्र्याच्या कित्येक पट क जीवनसत्त्व. गोव्यात याच बोंडाचा ताजा रस, म्हणजे नीरो, पितात, बोंडापासून हुर्राक आणि फेणी ही दारू करतात, आणि काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आपण मात्र बोंडावर मीठ टाकून दोन-चार खातो आणि बाकीची सोडून देतो. (दारूच्या वाटेला तू जाऊ नकोस. उत्पादन शुल्क खात्याचे परवाने, त्यातली गुंतवणूक हे एकटीने पेलायचं काम नव्हे.)

मग इतकी वर्षं कोणी का केलं नाही, असं विचारशील. दाभोळी, वेंगुर्ला, कुडाळ या भागात काहींनी केलं आहे, बोंडाचं सरबत बाजारात दिसतंही. पण मोठं झालं नाही, याला दोन कारणं आहेत. तीच तुझ्या धंद्याची खरी परीक्षा आहे.

पहिलं कारण वेळ. पिकलेलं बोंड पडल्यावर दिवसभरात आंबू लागतं. खाली आपटून दबलेलं तर दुपारपर्यंत वास मारतं. आपल्याकडची रीत म्हणजे बी पडू द्यायची, मग सवडीने वेचायची. बीला त्याने काही होत नाही, पण बोंडासाठी ही रीत चालत नाही. त्यासाठी झाडाखाली जुनी जाळी किंवा साड्या जमिनीपासून हातभर वर बांधायच्या, पहाटे वेचायचं, बी पिळायची आणि उन्हं चढायच्या आत बोंडं धुऊन रस काढायचा. म्हणजे मजुराची वेळ बदलते, कामाची पद्धत बदलते. लोक म्हणतात बोंड फुकट आहे. बोंड फुकट असेल, उचलणं फुकट नाही. पहिल्या दिवसापासून किलोमागे वेचणावळ लिही, घरच्या माणसांची सुद्धा. आईची पहाट हिशेबात धरली नाहीस तर नफा खोटा दिसेल.

दुसरं कारण तुरटपणा. बोंड खाल्ल्यावर घसा खवखवतो तो टॅनिनमुळे. रसात ते राहिलं तर माणूस पहिल्या घोटाला तोंड वाकडं करतो आणि दुसरी बाटली घेत नाही. यावर उपाय आपल्या चुलीवरच आहे. भाताची पेज किंवा शिजवलेल्या साबुदाण्याचं पाणी रसात ढवळून तो स्वच्छ भांड्यात न हलवता ठेवायचा. टॅनिन त्या पिठुळ पाण्याला धरून गोळा होतं आणि तळाशी बसतं. वरचा रस निवळतो, त्याचा गढूळ पिवळेपणा जाऊन तो पारदर्शक होतो. तो अलगद काढून फडक्यातून गाळायचा, लगेच गरम करायचा आणि पुढच्या कामाला घ्यायचा. पेजेचं प्रमाण किती, किती वेळ ठेवायचं, हे अंदाजाने करू नकोस. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ, त्यांचं वेंगुर्ल्याचं केंद्र, किर्लोसचं कृषी विज्ञान केंद्र इथे या विषयाची माणसं आहेत. जाऊन शीक, वहीत लिहून आण.

आता पैसे. स्क्वॅश, म्हणजे पाणी घालून प्यायचं दाट सरबत, म्हणून विकायचं तर त्यात किमान २५ टक्के रस आणि ४० टक्के विद्राव्य घटक लागतात, ते मुख्यतः साखरेचे. म्हणजे एक लिटर रसाचं चारेक किलो स्क्वॅश होतं आणि त्याला दीड किलोच्या आसपास साखर लागते. शिवाय बाटली, झाकण, लेबल, खोका, गाडीभाडं. तुझा पैसा जाणार तो साखरेत आणि बाटलीत. आता तुझ्या बागेचा पूर्ण हिशेब कर. अडीच-तीन हजार किलोंतली निम्मी बोंडं दबकी, किडकी म्हणून सोडली तरी स्क्वॅशच्या साडेतीन हजारांच्या घरात बाटल्या होतील. त्या कोण घेणार? या प्रश्नाचं उत्तर नसताना रस काढायचं यंत्र आणलंस तर बोंडांऐवजी बाटल्या पडून राहतील, आणि तेव्हा नासाडी साखरेची सुद्धा होईल.

म्हणून यंदा फक्त दोनशे बाटल्या कर. याहून जास्त नको, कोणी कितीही आग्रह केला तरी. आणि बाटली भरण्याआधी गिऱ्हाईक बघ. ते तुझ्या डोळ्यांसमोर आहे, काकीच्या पट्टीवर. पर्यटक गाडीतून उतरला की त्याच्या हातात कोकम सरबत नाहीतर दुकानातलं थंड पेय देतात. फेब्रुवारीत दहा होमस्टेंमध्ये जा. प्रत्येकीला सांग, एप्रिल-मेमध्ये उतरणाऱ्या पाहुण्याला बोंडाचं सरबत दे, आवडलं तर बाटली तुझ्याच काउंटरवर विकायला ठेव, बाटलीमागे तुला इतके. दहातल्या सहा जणींनी आगाऊ शंभर-दोनशे रुपये हातावर ठेवले तर धंदा आहे असं समज. "बघू हं, पाठव मग" एवढंच म्हणाल्या तर थांब आणि कारण विचार. चव चाखवायला मागच्या हंगामातली ओळखीच्या कोणाची बाटली मिळाली तर ती घेऊन जा. काय विकायचं, किती गोड, किती मोठी बाटली, हे त्या बायका तुला कुठल्याही सल्लागारापेक्षा चांगलं सांगतील. विमानाने जाणाऱ्याला काचेची बाटली नको असते, रेल्वेने जाणारा दोन घेतो, अशा गोष्टी त्यांना रोजच्या रोज कळतात.

कागदपत्रं फार नाहीत, पण आधी कर. घरगुती प्रमाणावर एफएसएसएआयची नोंदणी लागते आणि तिचा १४ आकडी क्रमांक लेबलवर छापावा लागतो. लघुउद्योगांची 'उद्यम' नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. विहिरीचं पाणी तपासून घे. लेबलवर घटक, वजन, किंमत, तारीख, पत्ता हे सगळं हवं. क जीवनसत्त्वाचं वर लिहिलं खरं, पण रस गरम केल्यावर त्यातलं बरंच जातं. तेव्हा लेबलवर "रोगप्रतिकारशक्ती वाढवते" वगैरे लिहू नकोस. ते कायद्यातही बसत नाही आणि खरंही नाही. रस काढल्यावर चोथा उरेल, दोनशे बाटल्यांना फार नाही, पण आजच त्याची जागा ठरव. गांडूळ खताचा वाफा कलमांजवळच कर. नासाडी थांबवायला निघालेल्या माणसाने घरामागे चोथ्याचा नवा ढीग लावू नये.

बोंडाचा हंगाम मार्च ते मे, जेमतेम दहा-अकरा आठवडे. पुढच्या वर्षी बोंड जमलं तर त्याच भांड्यांत, त्याच नोंदणीवर कोकम घे. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात मे महिन्यात, आणि अवकाळी पाऊस आला की सोलं वाळत नाहीत, बुरशी येते, माल टाकून द्यावा लागतो. एका चांगल्या ड्रायरने ते वाचतात. बियांचं तेल निघतं तेही विकतं, सौंदर्यप्रसाधनांत त्याला मागणी आहे. फणसात मोह पाडणारं बरंच आहे, पण चीक, कापणी, वाहतूक बघता तो तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा विषय. आत्ता त्याचं नावही काढू नकोस.

नोकरी सोडू नकोस. एप्रिलमध्ये साठवलेली रजा घे, घरून काम करायची मुभा मिळत असेल तर मागून घे, आणि पहाटेची बोंडं वेचून साडेदहाला लॅपटॉप उघड. थकशील, पण एक हंगाम निभेल. सहा लाखांतले पन्नास-साठ हजार बाजूला काढ. दोनशे बाटल्या, भांडी, जाळी, वजनकाटा, पाण्याची तपासणी एवढ्यात बसलं पाहिजे. बाबांची एफडी जिथे आहे तिथे राहू दे. त्यांनी तयारी दाखवली हेच तुझं भाग्य. ते पैसे त्यांच्या म्हातारपणाचे आहेत आणि पहिल्या वर्षीच्या प्रयोगाला लागत नाहीत. पुढे यंत्र घ्यायची वेळ आली तर २०२० पासूनच्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं असतं. सध्या अर्ज घेतायत का, हे ओरोसला कृषी अधीक्षक कार्यालयात विचार. पण अनुदान मिळतंय म्हणून यंत्र घेतलं आणि मग माल शोधला, असं करू नकोस. कर्जाचा हप्ता अनुदानाने फिटत नाही.

मित्राच्या भागीदारीचं स्पष्ट बोल. ॲप नसेल तर तो या धंद्यात काय करणार? होमस्टेंच्या ऑर्डरी, हिशेब, ऑनलाइन विक्री तो सांभाळणार असेल आणि हंगामात पंधरा दिवस मालवणात येऊन खोके उचलणार असेल, तर त्याचा वाटा ठरवा. निम्मा वाटा आजच, नुसत्या शब्दावर देऊ नकोस. पहिल्या वर्षी कामाचे पैसे दे, दुसऱ्या वर्षी दोघांनी किती घातलं, किती राबलं ते बघून वाटा लिहा, आणि तो कागदावर, सह्यांनिशी. मैत्री टिकवायची असेल तर हे आधीच झालेलं बरं.

आईला समजावायचं काही उरलेलं नाही. तिचा आक्षेप लोकांच्या ताटातल्या अन्नाला होता आणि मला तो पटतो. बोंड तुमच्या स्वतःच्या बागेतलं आहे. तिला एकच विचार, पूर्वी घरात बोंडाचं काय काय करायचे. आजीच्या वेळेपासूनचं तिला काही ना काही आठवेलच. पेज घालून रस निवळायचा पहिला प्रयोग तिच्या हातूनच होऊ दे, कारण पेजेचा दाटपणा तिला तुझ्यापेक्षा चांगला कळतो. आणि तिची पहाट हिशेबात धरायचं विसरू नकोस. हंगाम संपल्यावर पहिले पैसे तिच्या खात्यात टाक, तिच्याच नावावर.

आत्ता कलमं मोहरलेली असतील. जाळी फेब्रुवारी संपायच्या आत बांध, आणि होमस्टेंची फेरी त्याआधी कर. कुठल्या दहा ठिकाणी गेलीस आणि त्या काय म्हणाल्या, ते मला कळव. त्यावरून दर आणि बाटलीचा आकार ठरवायला मी मदत करीन.

तुझी,
ताई